नदीची पातळी आणि पडद्यावरील आकडा

पावसाळ्यात सांगलीकरांचे लक्ष आयर्विन पुलाजवळील कृष्णेच्या पातळीकडे लागलेले असते. तेथे ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी होय. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा वेळेवर कळणाऱ्या आकड्याचे मोल सर्वांनाच उमगले.

हा आकडा एकट्या सांगलीचा नसतो. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडच्या संगमावर कृष्णेस मिळून पुढे सांगलीकडे येते. म्हणूनच पाऊस, विसर्ग व पातळी यांच्या नोंदी एकत्र मिळणे अगत्याचे असते. जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा व भीमा खोऱ्यांत त्यासाठी स्वयंचलित माहिती-संकलन यंत्रणा उभारण्यात आली.

अशी बदलती माहिती संगणकाच्या पडद्यावर ताजी ठेवण्याची एक सुटसुटीत रीत आहे. सर्व नोंदी एकाच कोशात ठेवावयाच्या. या कोशास 'स्टोअर' म्हणतात. प्रत्येक पडदा त्याचा वर्गणीदार असतो. वर्गणीदाराला मासिकाचा नवा अंक घरपोच मिळतो, त्याप्रमाणे कोशातील आकडा बदलताच तो सर्व पडद्यांवर आपोआप पोहोचतो. प्रत्येकाने स्वतंत्र नोंद ठेवली, तर एका कचेरीत ४१ व दुसरीत ४३ फूट दिसण्याचा संभव असतो.

यात दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले असे की, मूळ आकड्यावरून काढता येणारी माहिती वेगळी साठवू नये. पातळी ४२ फूट असेल, तर धोका पातळीस ३ फूट उरले हे कोशाने स्वतःच काढावे. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे. प्रत्येक आकड्यासोबत त्याची वेळ नोंदवावी. सकाळी सहाचे ४२ फूट नऊ वाजताही तसेच दिसले, तर नदी स्थिर आहे की संपर्क तुटला आहे, हे वेळेवाचून कळत नाही. संपर्क तुटल्यास पडद्याने तसे स्पष्ट सांगावे.

ब्लॉकचेनमध्येही हाच नियम लागू पडतो. तेथे खातेवहीची प्रत अनेक संगणकांकडे असते. त्यांपैकी एखादा मागे पडला, तर त्याने दाखविलेला शेवटचा खंडक्रमांक जुना असतो. म्हणून तो क्रमांक इतर संगणकांशी ताडून पाहावा लागतो.

जुना आकडा ताजा म्हणून दाखविणे हे आकडा न दाखविण्याहून घातक होय. नदीकाठच्या कुटुंबाने घर केव्हा सोडावे, हे त्यावरच ठरत असते.