रोगाचे निदान आणि अपराधाचे माप
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. ग्रंथालयात जे वाचतो ते सुट्टीत आजीला सांगायचे, हा माझा परिपाठ. दिवाळीत तिला इंग्लंडमधील एक खटला सांगितला. तिने एकच प्रश्न विचारला आणि त्यातून हा लेख सुचला.

वेडाच्या भरात झालेल्या हत्येचे काय करावे, हा कायद्यापुढील जुना पेच आहे. १८४३ च्या मॅक्नॉटन खटल्यानंतर इंग्लंडमध्ये नियम ठरला तो असा : आपण काय करतो आहोत, किंवा ते गैर आहे, हे आरोपीला मनोविकारामुळे कळतच नसेल, तरच तो वेडाच्या कारणाने निर्दोष. पण ज्याला कळते, मात्र मन ताब्यात राहत नाही, त्याचे काय? स्कॉटलंडच्या न्यायालयांनी १८६७ पासून अशांसाठी मधली वाट काढली. इंग्लंडने ती १९५७ च्या कायद्याने स्वीकारली. हीच 'न्यून जबाबदारी'. ती सिद्ध झाली तर आरोपी सुटत नाही. खुनाऐवजी तो सदोष मनुष्यवधाचा अपराधी ठरतो आणि शिक्षा ठरविण्यास न्यायाधीशाला मोकळीक मिळते.

येथे डॉक्टरांची साक्ष महत्त्वाची ठरते. परंतु मनोविकार काही हाड मोडल्यासारखा क्ष-किरणांत दिसत नाही. डॉक्टरांना बरेचसे आरोपीच्याच सांगण्यावर विसंबावे लागते. पीटर सटक्लिफच्या खटल्यात हीच अडचण उभी राहिली. १९७५ ते १९८० या काळात त्याने १३ स्त्रियांना ठार केले होते. स्मशानात थडगी खणण्याचे काम करताना आपल्याला ईश्वरी वाणी ऐकू आली, असे त्याचे म्हणणे. चार मनोविकारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाचे निदान केले. सरकारी पक्षही न्यून जबाबदारी मान्य करण्यास तयार झाला. न्यायमूर्ती बोरहॅम यांनी मात्र नकार देऊन प्रश्न ज्यूरीपुढे ठेवला.

येथवर ऐकून आजी म्हणाली, "देवानंच सांगितलं म्हणतो, तर पोलिसापासनं लपत का हिंडत होता?"

सरकारी पक्षाचा रोखही असाच होता. पोलिसांना दिलेल्या पहिल्या कबुलीत या वाणीचा उल्लेख नव्हता. शिवाय, लोकांना आपण वेडे वाटलो तर थोडक्या वर्षांत सुटू, अशा अर्थाचे त्याचे पत्नीशी झालेले बोलणे तुरुंगातील एका अधिकाऱ्याने ऐकले होते. २२ मे १९८१ रोजी ज्यूरीने १० विरुद्ध २ मतांनी त्याला खुनी ठरविले. जन्मठेप झाली. पुढे १९८४ साली त्याच सटक्लिफला तुरुंगातून ब्रॉडमूर येथील मनोरुग्णालयात हलवावे लागले!

मग डॉक्टर खरे की ज्यूरी? मला वाटते, दोघांपुढील प्रश्न निराळे होते. रोग आहे काय, हे डॉक्टर सांगतो. त्या रोगाने अपराधाचा भार किती हलका होतो, हे समाजाच्या वतीने ज्यूरी ठरविते. रोगी माणूसही लपू शकतो. म्हणून आजीचा प्रश्न हा निकाल नव्हे. पण तो पुराव्याला धरून आहे. २०१६ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने गोल्ड्स खटल्यात हेच स्पष्ट केले : वैद्यकीय पुरावा नाकारण्याची ज्यूरीला मुभा आहे, पण त्याला सयुक्तिक आधार हवा. नुसता संताप पुरेसा नाही.

आपल्याकडे ही मधली वाट नाही. भारतीय दंड संहितेचे कलम ८४ मॅक्नॉटनच्या नियमावर बेतलेले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्येही तेच तत्त्व कायम आहे. महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मनोविकारही फाशी टाळण्याचे कारण होऊ शकतो, असे मानले. म्हणजे मनोविकाराचा विचार शिक्षेच्या वेळी होतो. पण अपराध ठरविताना अर्धवट ढासळलेल्या मनाला वेगळा दर्जा नाही. तो असावा, असे माझे नम्र मत आहे.

हे आजीला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "असू दे वाट. पण त्या वाटेवर पारखणारा माणूस उभा पाहिजे." साऱ्या विवेचनाचे सार याहून थोडक्यात मला सांगता येणार नाही.