शिलाईचं टेबल आणि उरलेले तुकडे: रोजची 4 कामं

नगरच्या कापड बाजारातून अस्तर-लेस आणून घरी ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंसाठी आजचा धडा. कात्री, बॉबिन, मॅचिंग दोरा शोधण्यात रोज 15 मिनिटं गेली, तर महिन्याच्या 26 दिवसांत साडेसहा तास जातात. तेवढ्या वेळात किती ब्लाऊज होतात, ते तुम्हीच मोजा.

1. टेबलावर फक्त चालू ऑर्डर. कापड, अस्तर, मापाची चिठ्ठी एकाच पिशवीत. ती संपली की दुसरी उघडा.

2. तुकडा कुणाचा? ग्राहकाचा. वीतभर किंवा मोठा तुकडा ब्लाऊजसोबत परत द्या. लहान तुकडे ठेवू का, हे ऑर्डर घेतानाच विचारा. न विचारता ठेवलेल्या तुकड्यापायी कायमचं गिऱ्हाईक तुटतं.

3. ठेवलेल्यांचे तीन डबे. जरीचे, रेशमी: पोटली बटणं आणि लटकन. तिरके निघणारे लांब तुकडे: पायपिंगसाठी उरेब पट्टी. सुती चिंध्या: गोधडी शिवणाऱ्यांना, नाहीतर मशीन पुसायला. डबा भरला की नवा डबा आणायचा नाही, आधी तो रिकामा करायचा. पडून राहिलेली चिंधी म्हणजे भांडवल नाही, अडगळ आहे.

4. शेवटची 5 मिनिटं. मशीनच्या दात्यांतली धूळ ब्रशने काढा, जमिनीवरून लोहचुंबक फिरवा. माप द्यायला आलेल्या ताईच्या पायात टाचणी जायला नको.

आज टेबलाचा फोटो काढा, 7 दिवसांनी पुन्हा काढा. फरक दिसला, तर ऑर्डरही वेळेवर जातील. भेटू पुढच्या धड्यात!