मेंढीच्या यकृतातील पाण्याची गाठ

मेंढी कापल्यावर तिच्या यकृतात वा फुप्फुसात पांढरट, ताठ, पाण्याने भरलेली गाठ कधी कधी आढळते. असे अवयव कुत्र्यापुढे फेकण्याची चाल आहे आणि रोगाचे चक्र तेथूनच फिरते. गाठीतील जंतांची शिरे कुत्र्याच्या आतड्यास चिकटतात व सुमारे सहा-सात आठवड्यांत त्यांचे ३ ते ६ मिलिमीटर लांबीचे पट्टकृमी होतात. कुत्रा मात्र धडधाकट दिसतो! त्याच्या विष्ठेतील अंडी चाऱ्याबरोबर मेंढीच्या, आणि न धुतलेल्या हातांवाटे वा भाजीतून माणसाच्या पोटात जातात.

माणसात ही गाठ वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढते. सोनोग्राफीत ती बहुधा ओळखू येते. रक्ततपासणीत काही न आढळल्यास रोग नाहीच असे समजू नये. अडाणी हाताने गाठीत सुई मुळीच खुपसू देऊ नये. आतील पाणी पोटात सांडल्यास तीव्र ॲलर्जीने रोगी दगावू शकतो, शिवाय नव्या गाठी धरतात. म्हणून शल्यवैद्य शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर अल्बेंडाझोल देतात आणि गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या घड्या ठेवतात.

कुत्र्याच्या विष्ठेतील ही अंडी सूक्ष्मदर्शकाखाली इतर काही पट्टकृमींच्या अंड्यांसारखीच दिसतात. तेव्हा कळपाच्या कुत्र्यास निदानासाठी न थांबता, पशुवैद्याच्या सल्ल्याने दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल द्यावे. या औषधाने अंडी मरत नाहीत. यास्तव नंतरचे दोन दिवस कुत्रा बांधून ठेवून विष्ठा जाळावी. गाठीचे अवयवही जाळावेत, किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाहीत इतके खोल पुरावेत.