दूध तोडलेल्या पिल्लांना प्रथिने कुठली?

प्रश्न : माझ्याकडे दूध तोडलेली सहा आठवड्यांची वराहपिल्ले आहेत. वाढ जोरात व्हावी म्हणून सोयापेंड वाढवली, तर हगवण लागली. पेंड बंद करून नुसती सुकटीची भुकटी देऊ का?
– एक वराहपालक, जि. सातारा

उत्तर : पेंड बंद करू नका, कमी करा. प्रथिने जास्त म्हणजे वाढ जास्त, हा समज इथे नडतो. आईच्या दुधाला सरावलेल्या आतड्याला सोयाबीनमधली काही प्रथिने सुरुवातीला सोसत नाहीत. न पचलेला भाग मोठ्या आतड्यात कुजतो आणि पिल्लू हगते. एकूण खाद्यात १८ ते २० टक्के प्रथिने पुरेत.

सुकट पचायला हलकी असते, तिच्यात लायसिन हे वाढीला लागणारे अमिनो आम्लही भरपूर. पहिले दोन आठवडे पेंडीचा थोडा भाग काढून तिथे सुकट घाला. खाद्याच्या ५ टक्क्यांच्या आसपास. मात्र खारवलेली किंवा वाळूमिश्रित नको. जास्त मीठ पिल्लांना विषासारखे बाधते, पाणी कमी असेल तर अधिकच. परवडल्यास थोडी व्हे पावडर मिसळा. पिल्ले ती आवडीने खातात. मग पेंड हळूहळू वाढवा. कच्चे सोयाबीन दळून कधीही घालू नका. शेंगदाणा पेंड स्वस्त खरी, पण तिच्यात लायसिन कमी आणि बुरशीचा धोका मोठा. या वयात टाळलेली बरी.

बदलानंतरही हगवण दोन दिवसांत थांबली नाही, किंवा विष्ठेत रक्त दिसले, पिल्लू सुस्तावले, तर लगेच पशुवैद्यकाला बोलवा. तोवर स्वच्छ पाणी आणि क्षार-साखरेचे द्रावण सतत समोर ठेवा.