जोखमीचा वाटा

भंडारदरा, ता. अकोले
श्रावण शुद्ध पंचमी

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

सेंद्रिय कापसाच्या कपड्यांच्या तुमच्या पेढीत मालखरेदीचा सारा कारभार तुझ्या हवाली झाला, हे वाचून मनास फार संतोष झाला. परंतु सर्व पुरवठादारांकडून नुकसानभरपाईची हमी लिहून घेतल्याने आता जोखीम उरली नाही, असे जे तू त्याच पत्रात लिहिलेस, त्याविषयी चार शब्द सांगणे मला कर्तव्य वाटते. करारनाम्याने जोखीम दुसऱ्याच्या माथी मारता येते, नाहीशी करता येत नाही. आणि ती पेलण्यास जो सर्वांत असमर्थ, त्या शेतकऱ्याच्याच दाराशी ती अखेर जाऊन बसते.

प्रथम, कागदावर विसंबू नकोस. 2020 साली भारतातील सुमारे 20,000 टन कापसाची सेंद्रिय प्रमाणपत्रे बनावट असल्याचे 'गॉट्स' या जागतिक मानक संस्थेनेच उघडकीस आणले. म्हणून सातबाऱ्यावरील पीकपेरा, एकरी उतारा आणि जिनिंगची काटापट्टी शेजारी ठेवून स्वतः हिशेब कर: 100 किलो कापसातून साधारण 35 किलो रुई निघते, त्याहून फार अधिक रुई दाखवली असेल, तर बाहेरचा कापूस मिसळला आहे असे समजून थेट गाव गाठ.

दुसरे, एकाच वाणावर वा एकाच जिल्ह्यावर सारा भार टाकू नकोस. विदर्भात जिकडेतिकडे बीटी संकरित वाणच पेरलेले असताना, त्यास न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने 2017 साली हातची बोंडे पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी व मजूर प्राणास मुकले. आपल्याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी नाना देशी वाणांचे बियाणे जतन करण्यात आयुष्य का वेचले, याचे मर्म अशा वेळी ध्यानात येते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 1926 साली पुरे झालेल्या आमच्या येथील धरणाच्या भिंतीला 1969 साली तडे जाऊन गळती लागली, तेव्हा जलाशयाची पातळी उतरवून भिंतीस खालच्या अंगाने टेकू देण्यात आले, आणि म्हणूनच ती आजही उभी आहे. दोष दिसताच टाकून न देता टेकू द्यावा, हाच धडा तुझ्या व्यवहारातही लागू आहे: पीक बुडाले वा नाइलाजाने एखादी फवारणी करावी लागली, असे जो शेतकरी आपण होऊन सांगेल, त्याचा तो माल सेंद्रिय म्हणून खचित घेऊ नकोस, पण त्याच्याशी संबंधही तोडू नकोस. कारण सत्य सांगणाऱ्यास दंड होतो असे एकदा गावात पसरले, की पुढील दोष तुला थेट परदेशी गिऱ्हाइकाच्या तक्रारीतूनच कळतील.

शेवटचे, जमीन सेंद्रिय ठरण्यास दोन-तीन वर्षे लागतात. त्या काळात उतारा घटतो आणि सेंद्रियाचा चढा भावही मिळत नाही. या वर्षांसाठी पेरणीपूर्व उचल आणि किमान भावाची हमी पेढीने द्यावी, असे कलम येत्या करारात घालण्याचा आग्रह तू मालकांपाशी धर. त्यासाठी नफ्यातील काही अंश सोडावा लागला, तरी तो खर्च नव्हे, पेढीने उचललेला जोखमीचा न्याय्य वाटा आहे.

तुझा,
मामा