मद्यविक्रीची दुकाने आणि वस्तीचे आरोग्य

मद्यपान ही केवळ पिणाऱ्याच्या इच्छेची बाब आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मद्य किती दुकानांत मिळते, ती घरापासून किती अंतरावर आहेत, किती वेळ उघडी असतात, मद्याची किंमत काय आणि ते कोणत्या वयाच्या माणसास विकले जाते, यांवरही सेवनाचे प्रमाण अवलंबून असते. या पाचही गोष्टी एकट्या व्यक्तीच्या हातच्या नसून समाजाच्या हातच्या आहेत.

फिनलंडचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. तेथे १९६९ मध्ये कायदा बदलून मध्यम तीव्रतेची बीअर किराणा दुकानांतून विकण्यास मोकळीक देण्यात आली. त्या एका वर्षात मद्यार्काचे दरडोई सेवन सुमारे ४६ टक्क्यांनी वाढले. लोकांचा स्वभाव एका वर्षात बदलला नव्हता. वस्तू मात्र सुलभ झाली होती.

झाशीचा धडा

झाशी शहर दोन मोठ्या मार्गांच्या छेदावर वसलेले आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा उत्तर-दक्षिण मार्ग आणि पोरबंदरहून सिल्चरला जाणारा पूर्व-पश्चिम मार्ग येथे एकमेकांस मिळतात. अशा ठिकाणी मालमोटारींची वर्दळ मोठी असते, आणि रस्त्याकडेच्या मद्यविक्रीचा प्रश्नही तितकाच गंभीर असतो. वाहनचालकाच्या १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास आपल्या कायद्याप्रमाणे तो गुन्हा ठरतो.

अपघातांचा विचार करून सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्याची दुकाने असू नयेत, असा निर्णय दिला. वीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावांसाठी हे अंतर पुढे २२० मीटर करण्यात आले. १ एप्रिल २०१७ पासून निर्णयाचा अंमल सुरू झाला, तेव्हा एक अनपेक्षित परिणाम दिसून आला. महामार्गावरून उठलेली दुकाने राहत्या वस्तीत जागा शोधू लागली. उत्तर प्रदेशातील अनेक शहरांत त्या महिन्यात स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, त्या याच कारणासाठी. ११ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की, नगरपालिकांच्या हद्दीतील परवान्यांना ही मनाई लागू नाही.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. दुकान हलविणे आणि दुकान कमी करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. एका वस्तीने केलेला प्रतिकार शेजारच्या वस्तीचे संकट ठरू नये, यासाठी साऱ्या शहराचा एकत्रित विचार झाला पाहिजे. केवळ दुकानांच्या संख्येवरूनही अनुमान काढू नये. उत्तर प्रदेशात १ एप्रिल २०२५ पासून बीअर व विदेशी मद्य ही एकाच संयुक्त दुकानातून विकण्याची पद्धत आली आहे. दोन दुकानांचे एक झाले म्हणून मद्य निम्मे झाले, असे होत नाही.

नागरिकांनी काय करावे

महाराष्ट्रात यासाठी मतदानाचा मार्ग आहे. २००८ च्या शासकीय आदेशाप्रमाणे गावातील अथवा प्रभागातील २५ टक्के स्त्री-मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी व आडवी अशा दोन बाटल्यांची चित्रे असतात. आडव्या बाटलीस निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांचा पाठिंबा मिळाल्यास दुकान बंद होते. या आदेशात निम्मा हिस्सा यादीतील एकूण मतदारांचा मोजला जातो; म्हणून घरी राहिलेल्या स्त्रीचे मत दुकानाच्या बाजूनेच पडल्यासारखे होते.

झाशीसारख्या ठिकाणी मार्ग निराळा आहे. तेथे परवाने राज्याचे अबकारी खाते देते. शाळा, रुग्णालय, उपासनास्थान व निवासी वस्ती यांपासून ठराविक अंतर राखण्याचे नियम १९६८ पासून आहेत. वस्तीतील मंडळींनी प्रथम दुकानांचा नकाशा तयार करावा, अंतरे मोजावीत, उघडण्या-मिटण्याच्या वेळा नोंदवाव्यात आणि २१ वर्षांखालील मुलांस विक्री होते काय ते पाहावे. अबकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्यापूर्वीच जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्यावी. मोजलेल्या अंतराला जे वजन असते, ते नुसत्या संतापाला नसते.

मापात पिणे म्हणजे काय

जे पितात त्यांस निदान माप तरी ठाऊक असावे. नेहमीच्या विदेशी मद्याच्या ३० मिलिलीटर पेल्यात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. ८ टक्के तीव्रतेच्या कडक बीअरच्या ६५० मिलिलीटर बाटलीत तो सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेल्यांइतका भरतो. तेव्हा बीअर म्हणजे सौम्य पेय, हा समज चुकीचा आहे. दहा ग्रॅम मद्यार्काचा निचरा करण्यास यकृतास तासभर किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. कॉफीने वा थंड पाण्याच्या स्नानाने हा वेळ घटत नाही. मद्य कर्करोगास कारण होते, हे १९८८ मध्येच आंतरराष्ट्रीय संस्थेने मान्य केले आहे. पूर्णतः निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. म्हणून वाहन चालविताना व गरोदरपणी मद्य मुळीच घेऊ नये. इतर वेळी जितके कमी तितके बरे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

दुकान बंद झाले म्हणजे काम संपले, असे नव्हे. परवान्याच्या मद्याची जागा हातभट्टीने घेतली तर अनर्थ ओढवतो. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा दारूतील मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल बनते. त्याने प्रथम दृष्टी जाते व पुढे प्राणही जातो.

दुसरी गोष्ट व्यसनी माणसाविषयी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचे मद्य एकाएकी तुटल्यास त्यास कंप, झटके व भ्रम होऊ शकतो. प्रसंगी जीवासही धोका असतो. त्याला घरात कोंडून ठेवू नये, वैद्याच्या देखरेखीखाली ठेवावे. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे. झाशीतही १९६८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुकानाविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या समितीने रुग्णालयाचा पत्ताही त्याच वहीत लिहून ठेवावा. दुकाने मर्यादित करण्याचा हेतू पिणाऱ्यास शासन करणे हा नसून, त्याची मजुरी, त्याचे शरीर आणि त्याचे कुटुंब वाचविणे हा आहे.