जुनी फेरारी दारात आणावी का?

प्रश्न : कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. गाड्यांचा नाद लहानपणापासूनचा. मुंबईतल्या एका एजंटकडे 2008 सालची फेरारी एफ430 विकायला आहे, पॅडलवाल्या गिअरबॉक्सची, अवघी 14 हजार किलोमीटर चाललेली. सांगितलेली किंमत नव्या मोठ्या जर्मन एसयूव्हीएवढी आहे. घरचे म्हणतात, पांढरा हत्ती पोसावा लागेल. मला वाटतं, निम्मी कामं तर मी माझ्या शॉपमध्येच उरकेन. घ्यावी का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गाडी घेण्यासारखी आहे. पण एजंटने सांगितलेल्या आकड्याला तुम्ही किंमत समजू नका, तो पहिला हप्ता आहे. जुन्या फेरारीचा भाव उतरतो, तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही. मॅनिफोल्ड, क्लच, ब्रेकच्या डिस्क हे सगळं फेरारीच्याच भावाने येतं, वर आयात शुल्क आणि वाट पाहणं. खरेदीनंतर किमतीच्या निदान पाव हिश्शाएवढी रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवता येत असेल, तीही कारखान्याच्या खेळत्या भांडवलाला हात न लावता, तरच पुढचा विचार करा. कर्ज काढून ही गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गाडीबद्दल. पहिली जुनी फेरारी म्हणून मीही एफ430 चंच नाव सुचवलं असतं, आणि त्याचं कारण इंजिनात आहे. नव्वदच्या दशकातल्या एफ355 चे टायमिंग बेल्ट बदलायचे तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि हे बेल्ट गाडी चालो न चालो, दर काही वर्षांनी बदलावेच लागतात. पुढच्या 360 मोडेनात सीटमागची झाकणं काढून बेल्टपर्यंत हात पोचू लागला, पण बेल्ट होतेच. 2004 मध्ये आलेल्या एफ430 ला नवं 4.3 लिटरचं व्ही8 इंजिन मिळालं, 490 अश्वशक्तीचं आणि 8,500 आरपीएमला पूर्ण ताकद देणारं. त्यात बेल्टऐवजी चेन आहे. आधीच्या फेरारीवाल्यांच्या डोक्यावरचा सगळ्यात मोठा नियमित खर्च इथे गेला.

त्याच्या जागी दुसरं दुखणं मात्र आलं, आणि तुम्ही धातूतला माणूस असल्यामुळे तुम्हाला ते लगेच उमजेल. कंपनीचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पातळ नळ्यांचे आहेत आणि त्यावर उष्णता अडवणारं पत्र्याचं आवरण आहे. तापणं-निवणं, तापणं-निवणं यात नळीला जोडापाशी चीर जाते, पण आवरणामुळे ती बाहेरून दिसतच नाही. ऐकू मात्र येते. इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना सुरू केलं की टिक-टिक-टिक असा बारीक आवाज येतो, आणि धातू तापून फुगला, चीर मिटली की तो बंद होतो. म्हणूनच विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवतो. तुम्ही गेलात की पहिल्यांदा बॉनेटवर नव्हे, मागच्या काचेखालच्या इंजिन-कव्हरवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्या दिवशी परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता जा.

चीर म्हणजे नुसता आवाज असता तर मी एवढा आग्रह धरला नसता. मॅनिफोल्डला लागूनच छोटं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतं. ते आतून भुगा होऊ लागलं की एक्झॉस्टच्या उलट्या झोताबरोबर कण सिलिंडरमध्ये ओढले जातात आणि बोअरला ओरखडे पडतात. तिथून पुढचा खर्च इंजिन उघडण्याचा असतो. मॅनिफोल्ड बदललेले असतील, चांगल्या स्टेनलेसचे बसवले असतील आणि त्याचं बिल असेल, तर अशा गाडीला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. तुमच्या शॉपमध्ये टिग वेल्डिंग होत असणार. पण आवरण फाडून जुनी नळी सांधण्याच्या फंदात पडू नका, पहिल्या चिरेशेजारी दुसरी तयारच असते.

दुसरी बाब क्लचची. पॅडलवाला हा एफ1 गिअरबॉक्स नावाने ऑटोमॅटिक वाटला तरी आत साधा कोरडा क्लचच आहे, फक्त पायाऐवजी हायड्रॉलिक पंप तो दाबतो. ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकवणं, चढावर रिव्हर्स घेणं, पार्किंगमध्ये मागे-पुढे करत बसणं, यात तो जळतो. वरळीच्या इमारतीत तीन मजले रॅम्प चढून राहिलेल्या गाडीचा क्लच 14 हजारांतही संपलेला असू शकतो. फेरारीच्या कॉम्प्युटरला जोडल्यावर क्लच किती टक्के झिजला हा आकडा पडद्यावर येतो. तो छापील मागा. तोंडी नको.

आता त्या 14 हजार किलोमीटरकडे वळतो, कारण तुम्ही 'अवघी' असं लिहिलंय. सतरा-अठरा वर्षांत 14 हजार म्हणजे वर्षाला हजारसुद्धा नाही. मला यात आनंद मानण्यासारखं काही दिसत नाही. उभ्या गाडीचे सील सुकतात, रबरी होज कडक होतात, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, टायरवर चांगली नक्षी असूनही रबर दगड झालेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1215 दिसलं तर तो टायर 2015 च्या मार्चमधला आहे. सहा-सात वर्षांपुढचा टायर अशा ताकदीच्या गाडीला जिवावर बेतू शकतो. मागचे टायर 285 रुंदीचे, 19 इंची. चारही एकदम बदलायचा खर्च पहिल्याच महिन्यात धरा. पेट्रोलचंही तेच. आज पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ही गाडी त्या मिश्रणासाठी बनलेली नाही, आणि इथेनॉल ओलावा धरून ठेवतं. टाकीत ते महिनोन्महिने ठेवणं म्हणजे इंधन-पंप आणि होजची वाट लावणं. डॅशबोर्डवरची बटणं हाताला चिकटत असतील तर मात्र घाबरू नका. त्या काळातल्या बहुतेक फेरारींचं प्लॅस्टिकचं कोटिंग असं पाघळतं, आणि ते काढून नवं करून देणारे कारागीर आहेत.

थोडक्यात, 14 हजारवाल्या बंद गाडीपेक्षा दर वर्षी तेल बदललेली, दर रविवारी रस्त्यावर निघालेली 35 हजारवाली गाडी मी डोळे झाकून पसंत करीन. फाइलमध्ये सलग बिलं हवीत. मध्ये चार वर्षांचं भगदाड असेल तर त्या चार वर्षांचा खर्च तुमच्यावर आहे असं समजून भाव पाडा.

तुमच्या शॉपचा उपयोग होईल का? होईल, पण निम्म्या कामांना नाही. तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बॉल जॉइंट, खालचं पॅनेल उतरवणं-बसवणं हे एखादा शिस्तीचा फिटर करू शकतो. गाडी फार खाली असल्यामुळे जॅक लावायच्या जागा आधी बघून घ्याव्या लागतात. इंजिनला ड्राय सम्प आहे, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत असतं. इंजिन नीट तापवून, चालू ठेवूनच पातळी बघायची. थंड इंजिनाची काडी बघून तेल ओतलं तर ते जास्त होतं. क्लच बसवल्यावरचं सेटिंग, गिअरबॉक्सचं कॅलिब्रेशन, इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल यांना योग्य कॉम्प्युटर लागतो, आणि त्यासाठी मुंबईच. कोल्हापूर-मुंबई पावणेचारशे किलोमीटर फ्लॅटबेडवरून जाणं-येणं हा खर्च तुमच्या वहीत कायमचा राहील.

कागदपत्रांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला असता. फेरारीने भारतात अधिकृत विक्री 2011 मध्ये सुरू केली. म्हणजे 2008 ची गाडी कुणीतरी खासगीरीत्या आयात केलेली आहे. बिल ऑफ एंट्री आणि शुल्क भरल्याची पावती बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, आणि त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. सचिन तेंडुलकरांना 2002 मध्ये भेट मिळालेल्या 360 मोडेनाच्या शुल्कमाफीवरून पुढच्या वर्षी देशभर वाद झाला आणि अखेर ते शुल्क फेरारीची तेव्हाची मालक कंपनी फियाटने भरलं. तिथे सगळं उघड होतं, म्हणून मार्ग निघाला. शुल्क चुकवून आणलेली गाडी मात्र कस्टम्स जप्त करू शकतं, मग तुम्ही ती कितीही सरळपणे, पूर्ण पैसे देऊन घेतलेली असो. 2025 च्या सप्टेंबरात केरळात भूतानमार्गे आलेल्या गाड्यांवर छापे पडले, तेव्हा गाड्या आजच्या मालकांच्या दारातूनच उचलल्या गेल्या.

आणखी एक. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. ही गाडी 2008 ची, म्हणजे 2023 च्या सुमारास तिचं पुन्हा पासिंग झालेलं असायला हवं. आरसीवर नवी मुदत आहे का? नसेल तर एजंटने आधी ते करून द्यावं. नूतनीकरण पाच वर्षांचं, म्हणजे पुढची फेरी 2028 च्या आसपास, आणि तोवर गाडी वीस वर्षांची झालेली असेल. 2025 च्या नव्या नियमानुसार वीस वर्षांपुढच्या आयात केलेल्या चारचाकीचं नूतनीकरण शुल्क 80,000 रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. पाटी परराज्यातली असेल तर तिथलं ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हेही धरा; तो आकडा आरटीओतून आधी काढून घ्या. विमा कंपनीशीही आधी बोला. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप सहसा मिळत नाही, म्हणजे पुढचा एक बंपर फुटला तरी बराचसा भार खिशावर येतो.

घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यांची काळजी पैशांपेक्षा वापराची असावी. सातारा-कागल रस्त्याचं सहापदरीकरण, वळवलेले रस्ते, रंग न मारलेले स्पीड ब्रेकर, यातून ही गाडी नेणार कुठे आणि कधी? पावसाळ्याचे चार महिने ती बॅटरी चार्जरला लावून आत राहील. पण उरलेल्या आठ महिन्यांत रविवारी पहाटे तासभर ती चालवणार असाल, इंजिन पूर्ण तापेपर्यंत आणि आरपीएम वर जाईपर्यंत, तर त्या सुखाला दुसरा पर्याय नाही, हे मी मनापासून सांगतो. शिवाय तुमच्या गाडीची तब्येतही त्यानेच टिकेल. तेवढा वेळ निघणार नसेल तर 2009 नंतरची पोर्श 911 बघा. त्या वर्षी इंजिन बदललं आणि आधीच्या मॉडेलमधला बदनाम झालेला इंटरमीडिएट शाफ्टचा बेअरिंग त्यातून गेला. ती रोज चालवता येते, मागे लहान मुलं बसतात. आवाज फेरारीचा नाही, एवढंच.

आता एजंटला फोन करा आणि टोकन द्यायच्या आधी चार गोष्टी मागा : बिल ऑफ एंट्रीची प्रत, आरसीवरची आजची मुदत, क्लचचा छापील आकडा आणि गाडी लिफ्टवर चढवून तुमच्या पसंतीच्या मेकॅनिककडून लीक-डाउन (सिलिंडरमधून किती हवा गळते त्या) चाचणीसकट तपासणी. तपासणीचा खर्च तुम्ही द्या, सौदा मोडला तरी द्या. चारपैकी एकालाही तो 'त्याची काय गरज साहेब' म्हणाला, तर ती गाडी सोडा. एफ430 आणखी येतील.